विहिरींचं पाणी आणि राष्ट्राचं हित

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये टायरच्या दुकानामागं एक पत्र्याची शेड होती. माझ्या भागीदारानं आणि मी ती भाड्यानं घेतली होती. भागीदार अमेरिकन, कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेला, माझ्याहून बराच मोठा. राज्याच्या पूर्वेकडच्या गावांत लोक घरच्या विहिरीचं पाणी पितात आणि तिथंच डुकरांचे मोठमोठे फार्म आहेत. त्यांची घाण उघड्या तळ्यांत साठवतात, ती हळूहळू जमिनीत मुरते. पाण्यात तान्ह्या बाळांना घातक असं नायट्रेट उतरलंय का, हे घरच्या घरी कळावं असं एक छोटं यंत्र आम्ही बनवत होतो.

माझा व्हिसा आमच्या कंपनीच्याच नावावर होता आणि त्याची सहा वर्षांची मुदत संपत आली होती. नव्वदचं दशकही उताराला लागलं होतं. ग्रीन कार्डच्या नेहमीच्या वाटेनं जायचं, तर माझ्या जागी काम करायला अमेरिकन माणूस मिळाला नाही असं कंपनीनं दाखवावं लागतं.

"इथं मालकही तुम्ही आणि नोकरही तुम्ही," वकीलबाई म्हणाल्या. "कोण विश्वास ठेवेल?"

उरली एकच वाट. माझं काम अमेरिकेच्या राष्ट्रहिताचं आहे हे पटवून द्यायचं, म्हणजे ती अट माफ होते.

मी बसून माझ्या कामाबद्दल लिहिलं. बाईंनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण हे एका राज्यातल्या चार काउंटींपुरतं आहे. यात राष्ट्रीय काय?"

"पाणी," मी म्हटलं.

"पाणी सगळीकडे आहे. तुम्हीच का?"

त्याचं उत्तर मी एका परिच्छेदात लिहिलं होतं. नागपूरला यायच्या आधी आम्ही ज्या खेड्यात राहायचो, तिथल्या विहिरीला आमचा हात लागलेला चालत नसे. आई हंडा घेऊन लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाही तर उन्हात तशीच. मी तिचा पदर धरून उभा असायचो. पाण्याचं शिक्षण मी का घेतलं असं कुणी विचारलं, तर मला दुसरं काही सांगता येत नाही.

बाईंनी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग पेन उचललं. "आय अॅम सॉरी. हे अमेरिकेबद्दल नाही."

त्यांचं बरोबर होतं. त्यांनी आडवी रेघ मारली आणि आम्ही पुढच्या पानावर गेलो. पण घरी जाताना गाडीत मला एकाएकी इतकं भरून आलं, की एका चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवावी लागली.

पुढचे काही महिने मी माझीच स्तुती गोळा करत फिरलो. ज्यांना मी कधी भेटलो नव्हतो अशा प्रोफेसरांना शिफारसपत्रांसाठी फोन केले. पूर्वेकडच्या गावातली एक तरुण बाई मात्र आपणहून शेडवर आली. आमच्या यंत्रानं तिच्या विहिरीत नायट्रेट दाखवलं होतं. तोवर ती तान्ह्या मुलीचं पावडरचं दूध त्याच पाण्यात कालवत होती, वर पाणी उकळून घेतेय म्हणून निर्धास्त होती. उकळल्यानं नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं.

"मी कुणी मोठी नाही," ती म्हणाली, "पण तुमच्यासाठी कुठं सही करायची सांगा."

मी हे वकीलबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक घर म्हणजे देश नव्हे."

भागीदार भडकला. "मग देश कशाचा असतो?" असं तो मलाच विचारू लागला, जणू नियम मी केले होते.

अर्ज पडून असतानाच नियम आणखी कडक झाले. आधी जादा पुरावे मागितले, आम्ही दिले. मग नकार आला. काम मोलाचं आहे, पण त्याचा परिणाम स्थानिक आहे, असा त्याचा सारांश.

नागपूरहून बाबांचा फोन आला. म्हातारपणी त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते ओरडून बोलायचे. "मग काय ठरलं? तू राष्ट्राच्या हिताचा आहेस की नाही?"

"नाही, बाबा."

"कोणत्या राष्ट्राच्या?" त्यांनी विचारलं. ते चेष्टा करत होते की त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं, हे मला कधीच कळलं नाही.

बायको एका औषध कंपनीत होती आणि तिच्या कंपनीनं तिच्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज केला होता. माझी मुदत संपल्यावर मी तिच्या व्हिसावर, तिच्यावर अवलंबून असलेला नवरा म्हणून राहिलो. आता मला काम करायची परवानगी नव्हती, स्वतःच्या कंपनीतसुद्धा नाही. एकदा भागीदाराचा फोन आला, यंत्र चुकीचे आकडे दाखवतंय म्हणाला. कुठं बिघडलंय ते मला ऐकताक्षणी समजलं. मी वकीलबाईंना विचारलं, "फुकट सांगितलं तर?"

"फुकटसुद्धा नको," त्या म्हणाल्या.

मी भागीदाराला तसं कळवलं. पुढच्या हिवाळ्यात थकून त्यानं आमचं डिझाइन दुसऱ्या एका कंपनीला विकून टाकलं. त्यांनी ते कधी बाजारात आणलंच नाही.

वर्षभरानं ग्रीन कार्डं आली, तिचं आणि तिच्यामागोमाग माझं. या खेपेला मी कुणाच्या उपयोगाचा आहे, हे कुणी विचारलं नाही. तिनं शेवयांची खीर केली होती. मी वाटी पुढ्यात घेऊन म्हणालो, "शेवटी तुझा नवरा म्हणून राहिलो इथं."

तिनं चमचा खाली ठेवला. "आणि मी आले तेव्हा कुणाची बायको म्हणून आले होते? एम. फार्म. करून दोन वर्षं त्या अपार्टमेंटमध्ये बसले होते. तेव्हा तुला काही वाटलं होतं?"

त्या दोन वर्षांत ती दिवसभर काय करायची, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. ती सांगत गेली, खीर गार झाली.