उत्तरेला उरलेली लाली

त्या दिवसांत मी पाच वेळा नमाज पढत होतो, पण खरं सांगायचं तर अल्लाहशी बोलणं मी सोडून दिलं होतं. अंग उठायचं, झुकायचं, बसायचं. मन मात्र कुठेतरी सिमेंटच्या गोण्यांखाली दबून पडलेलं. साठच्या दशकातली गोष्ट, अमिरात अजून झाली नव्हती. शारजाच्या बंदरावर, गोदामात, पहाटेपासून माल उतरवून घ्यायचा आणि संध्याकाळी खोपटात येऊन पडायचं. वीज नाही, पाणी गाढवावरून यायचं, आणि थंडीतला शमाल वारा सुटला की डोळ्यांत, भाकरीत, बिछान्यात वाळूच वाळू. रत्नागिरीकडची आम्ही दहाबारा माणसं होतो, सगळीच दमलेली. 'कसा आहेस' असं कोणी कोणाला विचारायचं नाही.

त्यात माझ्या धाकट्या भावाचं, युसूफचं, प्रकरण झालं. आईनं त्याला माझ्याकडे पाठवताना एवढंच बजावलं होतं, "याला दर्यावर घालू नकोस." आमचे वडील दर्यातच बुडाले होते. तरी मी नको ते केलं. तेल शोधणाऱ्यांच्या बेटावर रेशन पोचवणारी एक लाँच होती, तिच्यावर त्याला खलाशी म्हणून चिकटवला. माझ्यासारखी पाठ मोडून घेण्यापेक्षा बरं, हे माझं गणित. त्या आठवड्यात लाँच बेटावरून परत निघाली आणि शमाल उठला. एका दिवसात पोचायची ती तिसऱ्या दिवशी, वारा पडला तरी, आली नाही. मी बंदरावरच्या वायरलेसवाल्याकडे चार खेपा घातल्या. सकाळपासून यंत्रातून नुसती खरखर येत होती. "आज हवा में ही कुछ गडबड है, भाईसाब," तो म्हणाला, "कल आना, इन्शाल्ला." ते इन्शाल्ला ऐकून माझं डोकंच फिरलं. त्याला वाटेल ते बोलून मी निघालो. आईला काय लिहायचं, तेच वाटेत मनात जुळवत होतो. युसूफ गेला, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो.

आमची मशीद म्हणजे खजुराच्या झावळ्यांची एक झोपडी, अगदी पाण्याच्या काठाशी. बांग द्यायचे ते हसनचाचा. मूळचे राजापूरकडचे, एके काळचे खलाशी, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मावळतीच्या मगरिब नमाजनंतर ते दारातल्या उंच काठीवर पेट्रोमॅक्स चढवायचे, म्हणजे माणसांना वाळूतून वाट दिसावी, आणि रात्रीची, ईशाची नमाज झाली की लगेच उतरवून विझवायचे. रॉकेल मिळायची मारामार होती. त्यानंतर सगळा किनारा काळोखात. आणि आम्ही कोकणी लोक शाफई पंथाचे. मावळतीची लाली आकाशातून पुरती उतरल्याशिवाय आमच्यात ईशाची वेळ होत नाही. चाचांना बारीकसारीक काही दिसत नसे, पण लाली आहे की गेली, एवढं कळे. घड्याळ त्यांना चालत नसे.

त्या संध्याकाळी लाली उतरलीच नाही.

पश्चिम नेहमीसारखी काळवंडली, पण समुद्रावर, वायव्येपासून पार उत्तरेपर्यंत, आभाळ लाल ते लालच. पुसट, विझत आलेल्या निखाऱ्यांवर राख बसावी तसं. आम्ही सगळे दारात उभे राहिलो. कोणी म्हणालं, बेटावर आग लागली. कोणी म्हणालं, तेलाचा गॅस जाळतात त्याचा उजेड. आगीचं नाव निघाल्याबरोबर मी पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन बघून आलो. पण तास गेला, दीड तास गेला, आणि भीतीवरसुद्धा थकव्यानं मात केली. मला फक्त नमाज उरकून आडवं व्हायचं होतं. घड्याळात पावणेनऊ. मी म्हणालो, "चाचा, वेळ कधीच होऊन गेली. द्या बांग, खलास करा."

"लाली दिसते मला," ते म्हणाले.

"अहो, ती उत्तरेला आहे! सूर्य काय उत्तरेला बुडतो?"

"बाबा, मला दिशा दिसत नाहीत. लाली दिसते. ती आहे तोवर मी बांग देणार नाही."

इतका हट्टी म्हातारा! माझा राग अनावर झाला. तुम्ही बसा लाली बघत, असं म्हणून मी काठीकडे गेलो आणि दिवा उतरवायला दोरी सोडायला लागलो. रॉकेल तरी वाचेल. चाचा चाचपडत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून खलाशाची. "तुझा भाऊ दर्यात आहे," ते हळू आवाजात म्हणाले, "तू कंटाळलास, मला कळतंय. बस जरा माझ्याजवळ." मी तिथेच वाळूत बसलो आणि ढसाढसा रडलो. कित्येक महिन्यांनी रडलो. मागितलं काही नाही. मागायचंसुद्धा त्राण नव्हतं. एवढंच म्हणालो, या अल्लाह, मी दमलो.

साडेनऊच्या सुमारास पाण्यावरून हाका ऐकू आल्या.

लाँच होती. इंजिन बंद पडून दोन दिवस ती वाऱ्यावर भरकटली होती, त्या संध्याकाळी कसंबसं सुरू झालं. सगळा किनारा अंधारात, खाडीचं तोंड कुठे आणि वाळूचा बांध कुठे, काही कळेना. गोडं पाणी संपलेलं, तेल घोटभर उरलेलं. नाखवा लाँच तशीच पुढे घालणार होता, तेवढ्यात त्याला आमचा दिवा दिसला. "चाचांचा दिवा आहे, म्हणजे अजून ईशा झाली नाही," असं म्हणून त्यानं नीट मशिदीचा रोख धरला. युसूफला दोघांनी धरून उतरवलं. ओठ फाटलेले, डोळे आत गेलेले. मला बघून म्हणाला, "भाय, भूक लागलीय."

ईशा त्या रात्री बरीच उशिरा झाली. सजद्यात कपाळ टेकलं तो मला उठवेना. महिन्याभरात युसूफला मी आईकडे धाडून दिलं, आणि तो पुन्हा कधी दर्यावर गेला नाही.

पुढे काही दिवसांनी वायरलेसवाल्याच्या साहेबानं सांगितलं, पार उत्तरेच्या बर्फाळ मुलखात आभाळात असे रंग पेटतात. सूर्यावर मोठं वादळ झालं की कधी ते खाली सरकतात, पण इतक्या दक्षिणेला ऐकलेलं नाही. माझी नात तर मानतच नाही. "नॉट पॉसिबल, नाना," म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही. काय होतं ते मला माहीत नाही.

साहेबाचं बोलणं मी चाचांना सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मावळतीची लाली नव्हतीच ती? चूक माझी होती?"

"होय चाचा. चुकलात."

"अल्लाह माफ करो. दिवसभर राबलेल्या माणसांना ताटकळत ठेवलं मी."

मी त्यांचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. त्या संध्याकाळी माझं घड्याळ बरोबर होतं, दिशा बरोबर होती, माझा शब्द न् शब्द बरोबर होता; आणि माझं ऐकलं असतं तर माझा भाऊ गेला असता. आता वय झालंय, थकवा काही सुटलेला नाही. पण नमाजाच्या मुसल्ल्यावर बसलो की मी फार काही मागत नाही. एवढंच म्हणतो: या अल्लाह, तुला वाटेल तसं कर. मला बरोबर वाटतं, तसं करू नकोस.