ओल्या गोणपाटातले शंभर दाणे

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी मालकाच्या प्रार्थनेत बॅटरी घेऊन घुसलो. बालाघाटच्या बियाण्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, धानाच्या थैल्यांमध्ये काका गुडघे टेकून, मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, किल्ली पडली. मीही शेजारी ओणवा झालो, थप्पीखाली उजेड मारला आणि विचारलं, "काय हरवलं काका?"

डोळे न उघडता ते म्हणाले, "अक्कल. रोज हरवते, रोज मागून घ्या लागते. तुले पायजे असन तर बस बाजूले."

काका ख्रिस्ती. आजोबा नागपूरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. कोणतं वाण ठेवायचं, कोणाची एजन्सी घ्यायची, सगळं आधी त्या मागच्या खोलीत जायचं. बाहेर कंपनीचा माणूस चहा थंड करत बसलेला. प्रभूला धानातलं कळतं का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तो वाणाचं नाही सांगत. एवढंच विचारते, घेणारा तू असता तर? उत्तर मले येतेच. पण काउंटरवर बसलो का आठवत नाही."

रविवारी शटर बंद, मग ऐन पेरणीचा सिझन का असेना. खैरलांजीहून मोटारसायकलवर आलेले शेतकरी करवादत समोरच्या दुकानात शिरत. दर शनिवारी मी काकांना व्यापार समजावून सांगत असे. ते मन लावून ऐकत आणि मला सोमवारी लवकर यायला सांगत.

कंपनीच्या सीलबंद थैलीलाही त्यांच्याकडे परीक्षा होती. नव्या मालातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, चार दिवसांनी कोंब मोजायचे, मगच विक्री. मोजायचा मान माझा.

एका वर्षी एका नव्या वाणाची फार हवा होती. ट्रक उतरला, गोणपाट भिजलं, चौथ्या दिवशी उघडलं तर निम्मे दाणेही फुटले नव्हते. माझं गणित जगजाहीर, म्हणून तीनदा मोजलं. कंपनीचा माणूस धावत आला. पोतं म्हणजे काही प्रयोगशाळा नाही म्हणाला. थैलीवर दाखला आहे, नाही उगवलं तरी दुकानदाराच्या अंगाला काही लागत नाही, पण माल परत केलात तर एजन्सी समोरच्याला जाईल. ती एजन्सी म्हणजेच आमचं दुकान होतं, आणि माझी नोकरीसुद्धा. मी काकांना कळवळून म्हटलं, सील त्यांचं, आपला काय दोष?

काका आत गेले आणि त्या दिवशी लगेच बाहेर आले. "सील त्याइचं हाय. पण लोक माह्या हातून घेऊन राह्यले. माल परत भर."

एजन्सी गेली. येणाऱ्या प्रत्येकाला काका गोणपाट उघडून दाखवत आणि जुनंच वाण न्या म्हणत. थोड्यांनी नेलं, बाकीचे समोर गेले. पंधरा दिवस मी माशा मारल्या आणि दुसरी नोकरी शोधली. तीही कोणी दिली नाही.

मग बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, पऱ्हे, म्हणजे रोपं, वर आली. नव्या वाणाची विरळ, टक्कल पडल्यासारखी. आमच्या गिऱ्हाइकांची हिरवीगार. मी मनातल्या मनात नाचत होतो. काका मात्र बसने गावोगाव फिरून आमच्या लोकांना सांगत होते, उरलेले पऱ्हे समोरून नवं वाण नेलेल्यांना द्या, त्यांची रोवणी होऊ द्या. ते तर आपल्याला सोडून गेले होते, मी कुरकुरलो. "गेलते," काका म्हणाले, "म्हणून बांधी पडीक ठेवू देऊ?"

पुढच्या सिझनला शटर उघडायच्या आधी रांग लागली होती. समोर गेलेले सगळे रांगेत, आणि त्यांच्या मागे तोच कंपनीचा माणूस, एजन्सीचे कागद घेऊन. म्हणाला, काका, माझ्यासमोर भिजवा. काकांनी भिजवलं, चौथ्या दिवशी मी मोजलं, आणि या वेळी शंभरच्या शंभर फुटलेले, आकडा चुकवायला माझ्यासारख्यालाही जागा नव्हती.

आता काका जबलपूरला लेकीकडे असतात. दुकान मी पाहतो. गल्लीतल्या सगळ्या दुकानांत काउंटरवर ओलं गोणपाट असतं, समोरच्याकडेही. शेतकरी आधी ते उलगडतो, मग भाव विचारतो.

त्या रांगेच्या दिवशी घरी येऊन मी बायकोपुढे छाती फुगवली, की मला तर पहिल्यापासून खात्री होती.

ती म्हणाली, "हौ. म्हणूनच किरनापुरले माह्या बाबाले फोन करून नवं वाण घ्या म्हटलं होतं. तुम्ही फोन ठेवला अन् मी लावला. म्हटलं, बाबा, जावयाचं नोका आयकू. काकानं माल परत केला हाय."