सासूबाईंचे बारा अंगठे

मी दुसरी पास. त्या घरात तेवढ्यावर मी पंडित ठरले. धाकटे भावजी लढाईवर गेले आणि पत्रं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्या नवऱ्याला पाय अधू म्हणून सैन्याने सोडलं होतं; लिहायची वेळ आली की त्यांचे हातही अधू व्हायचे.

सासूबाई भुरीचं दूध काढता काढता सांगत. मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून, कागद पाटीवर ठेवून उतरवत असे.

"लिही, भुरीला कालवड झाली. आईवरच गेलीय, लाथा मारते."

"बरं."

"लिही, पाय कोरडे ठेव. ओले मोजे घातलेस तर तिथे येऊन कान उपटीन."

"इथून जाऊन कशा उपटाल?"

"तू लिही गं! लिहायला काय भाडं पडतं?"

मग कागद हातात घेऊन म्हणत, "हे अक्षर की कोंबडी नाचली?" आणि तेलात कालवलेल्या काजळीत डावा अंगठा बुडवून खाली दाबत. त्या अंगठ्यावर विळ्याने कापल्याची तिरकी खूण होती. भावजी जाताना बजावून गेले होते, "लिहील कुणीही. आईचा अंगठा दिसला की समजेन, घरी सगळं ठीक आहे."

दुसऱ्या वर्षी सासूबाईंना पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी हात टेकले. त्याच महिन्यात सुताराचा मुलगा बाप गेल्याचं पत्र वाचून छावणीतून घराकडे पळाला. वाटेत पकडला आणि गोळी घातली, त्याच्याच सैन्याने. ते ऐकून सासूबाई अंथरुणात उठून बसल्या.

"कोरे कागद आण. किती आहेत?"

"बारा."

एकेका कागदाच्या तळाशी त्यांनी अंगठा दाबला. दर वेळी दम खायला थांबत. "लढाई संपेपर्यंत मी जिवंत आहे, कळलं? धाकटा हळवा आहे माझा. पळत सुटेल."

"आणि बारा संपले तर?"

"एवढी कुठली लढाई चालते गं!"

पाचव्या दिवशी त्या गेल्या.

मी महिन्याला एक कागद काढायची. त्याच उंबऱ्यावर बसून त्यांची गुडघेदुखी लिहायची, मोजे लिहायचे, शिव्याही लिहायच्या. शिव्या लिहिताना त्यांचा आवाज इतका जवळ यायचा की मला पुढची ओळ दिसेनाशी व्हायची. भावजींचं उलट टपाली उत्तर यायचं, "आईला सांगा, मोजे कोरडे आहेत."

लढाई संपायच्या आधी अंगठे संपत आले. बारावा कागद मी नमुन्याला ठेवला. तो समोर धरून माझ्या अंगठ्यावर तश्शाच तिरक्या रेघेत दोरा आवळला, खाच पाडली, काजळी लावली आणि दुसऱ्या कागदावर दाबला. घाईत होते, मान्य. पत्र धाडून दिलं.

त्यावर आलेलं उत्तर पहिल्यांदाच नुसत्या माझ्या नावाने होतं. "वहिनी, भुरीला सांभाळा, दादाला सांभाळा. मी पळणार नाही." बस्स. आईबद्दल एक शब्दही नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अंगठ्यावरची खूण कागदावर उलटी उमटते. मी कागदावरची रेघ जशीच्या तशी अंगठ्यावर घेतली, ती उमटताना दुसऱ्या बाजूला कलली. सासूबाई म्हणाल्या असत्या, दुसरी पास ना तू!

सात महिन्यांनी भावजी परत आले. सरळ गोठ्यात आले आणि उंबऱ्यावर पत्रांचा गठ्ठा ठेवला.

"भलत्याच बाजूला कापून घेतलंत, वहिनी." हसायला गेले, जमलं नाही. "यातली आईची कुठवर?"

मी एकेक पत्र उघडत गेले. मळणीचं पत्र त्यांचं होतं. त्याच्या पुढचं माझं. तिथे बोट ठेवलं. भावजी ती तारीख बराच वेळ बघत राहिले.

"त्या सुमाराला आम्ही नदीवर होतो. पोहत होतो. गाणी म्हणत होतो, वहिनी."

मी डब्यातून बारावा कागद काढून दिला. वर कोरा, खाली अंगठा. "हा एक राहिलाय. लिहू काही?"

"नको. असाच असू दे."

त्यांनी तो खिशात ठेवला, आईची बादली उचलली आणि भुरीजवळ जाऊन बसले. भुरीने लाथ झाडली. विसरली होती म्हणून, की ओळखलं म्हणून, तिचं तिलाच ठाऊक.