माझ्या जुन्या नावाचे रिपोर्ट

रक्ताचे रिपोर्ट मी वहीत उतरवून ठेवते. घरात यावरून माझी यथेच्छ टिंगल होते, होऊ दे. ‘नॉर्मल’ एवढं वाचून कागद ड्रॉवरमध्ये कोंबणाऱ्यांतली मी नाही. आकडा मर्यादेत असला तरी मागच्या वेळेपेक्षा कुठे सरकलाय ते बघायचं असतं. त्यासाठी लॅब एकच ठेवायची, उपाशीपोटी जायचं, सकाळची वेळही साधारण तीच. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन, प्रत्येकाला वेगळा रकाना. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातला कचरा नीट काढतेय की नाही हे सांगणारा आकडा. तो वाढला की काळजी. माझा वर्षानुवर्षं पॉइंट आठ.

गेल्या वर्षी एका सकाळी डबे भरताना लॅबचा मेसेज आला. मी तर रक्त दिलंच नव्हतं. उघडलं तर वर माझं नाव, पण लग्नाआधीचं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, आणि त्या दिवसापासून आई सोडून कुणीही मला जुन्या नावाने हाक मारलेली नाही. मोबाईल नंबर तेवढा माहेरचाच राहिला. रिपोर्टवर वयसुद्धा माझंच होतं. क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ.

लॅबवाल्यांचा घोळ, म्हणून मी तो पुसून टाकला. दीडेक महिन्याने दुसरा आला. दोन पॉइंट चार. मी तिथल्या तिथे फोन लावला.

“मॅडम, आप आयी थी ना मंगलवार को,” पलीकडची मुलगी म्हणाली. “भाईंदर ब्रँच में. खाली पेट.”

“मैं नहीं आयी थी.”

“सिस्टीम में तो आप ही हो.”

मंगळवारी दिवसभर मी ऑफिसात होते. तरीही फोन ठेवल्यावर बाही वर करून दोन्ही कोपरांच्या खळग्यात सुईची खूण शोधली. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

भाईंदरच्याच जेसल पार्कात माझं माहेर. तिथल्याच शाखेत लग्नाआधी मी पहिल्यांदा रक्त तपासलं होतं. भांडी घासताना एक विचार डोक्यात शिरला तो निघेचना. नाव बदलून मी मीरा रोडला आले, पण ती मुलगी कदाचित आलीच नाही. ती अजून भाईंदरलाच राहतेय, माझ्या वयाची झालीये, मंगळवारी उपाशीपोटी उठून हात पुढे करतेय. आणि तिच्या किडन्या जातायत.

तिसरा रिपोर्ट आला, तीन पॉइंट एक, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. सकाळी आरशात पापण्या सुजल्यासारख्या वाटायच्या. अंगाला खाज सुटायची. शेवटी स्वतः जाऊन रक्त दिलं. पॉइंट आठ! तरीही जीव थाऱ्यावर येईना. वहीत माझ्या रकान्याशेजारी मी तिचा रकाना आखला होता, आणि एकाच पानावर एक बाई ठणठणीत होती आणि दुसरी बुडत होती. ते पान बघवेना. मी पान फाडलं, लॅबला फोन करून कडक आवाजात सांगितलं की हे जुनं नाव काढून टाका, त्याला माझा नंबर लावू नका. त्यांनी काढलं. मेसेज बंद झाले. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चार महिने गेले. वर्षअखेरीच्या कामात मला आईकडे जायलाही जमलं नव्हतं. बाबा गेल्यापासून ती जेसल पार्कात एकटी, आणि मी तिची एकुलती एक. रोज फोन व्हायचा, पाच मिनिटं, जेवलीस का, गोळी घेतलीस का. त्या रविवारी गेले तर ती पलंगावर बसली होती. चेहरा भरल्यासारखा. सपाता कोपऱ्यात पडलेल्या.

“पायात जात नाहीत गं हल्ली,” ती म्हणाली.

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवत होते की. रक्त तपासायला सांगायचा, जायचे मी. तुला मुद्दामच नाही सांगितलं, तू वही घेऊन मागे लागतेस.”

“लॅबमध्ये नंबर कुणाचा दिलास?”

“तुझा. नोंदीपुरता मागतात ना, आणि मला पाठ आहे तो एकच. नंबर सांगितला की त्यांच्याकडे तुझं नाव यायचं, आपलं जुनं, बाबांचं नाव लावलेलं. पहिल्या खेपेला सांगणार होते त्या मुलीला की हे माझं नव्हे. पण किती वर्षांनी छापलेलं बघितलं! म्हटलं, राहू दे. डॉक्टर काय, आकडा बघतो.”

“मग आता?”

“आता कुठे जातेय! मागे गेले तर ती म्हणाली, आजी, या नावाचं कुणी नाहीच. दुसरा नंबर द्या. दुसरा कुणाचा देऊ? आले परत.”

मी खाली बसले आणि तिचं पाऊल मांडीवर घेतलं. घोट्याच्या वर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला.