दुरडीत उरलेली भाकरी

वंदना सिस्टर घरात आल्या की आधी स्वयंपाकघरात जायच्या आणि भाकरीच्या दुरडीवरचं झाकण उचलून बघायच्या. बाईंना भूक लागली असेल, असं समजून आईने पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी ताटही घेतलं.

"माझं न्हाई मावशी, तुमचं बघायलेय. सकाळची भाकर तशीच हाय. उद्या तुमी पडलात तर काकाला कोण उठवंल?"

बाबांना लकवा झाला होता. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, नाकात नळी. सिस्टर मूळच्या चुडाव्याच्या. निवृत्तीनंतर पालमला आमच्याच गल्लीत राहायच्या. बाबांना कुशीवर कसं वळवायचं, पाठ कशी पुसायची, हे त्यांनी आम्हाला करून दाखवलं. आई सगळं शिकली, पण जेवेना. आम्ही समजावून थकलो.

चाळीस वर्षं ती बाबांच्या मागून जेवत आली होती. नळीतून जाणाऱ्या पेजेला ती जेवण मानतच नव्हती. मी शाळेत पोरांना शहाणपण शिकवतो, पण हे माझ्या ध्यानात आलं नाही. एका दुपारी तिने बाबांना निजल्या निजल्या चमचाभर वरण पाजलं. ठसका थांबेना, चेहरा निळा पडला. नशिबाने सिस्टर दारातच होत्या. त्यांनी बाबांना कुशीवर घेऊन तोंड साफ केलं. बाबांचा श्वास पुन्हा नीट सुरू झाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आई भिंतीला टेकून रडत होती. सिस्टर तिच्यावर रागावल्या नाहीत.

"मीबी सासूला असंच पाजलं होतं मावशी, नर्स असून. माया लय आंधळी असती."

मग त्यांनी आईचं ताट बाबांच्या खाटेशी मांडलं. "काका नळीनं जेवायलेत, तुमी हातानं जेवा. पंगत एकच हाय." आईने बाबांकडे बघितलं आणि घास घेतला. त्या दिवसापासून ती जेवू लागली.

पुढे डॉक्टरांनी तपासून नळी काढली. सिस्टरांनी बाबांना ताठ बसवलं, हनुवटी खाली घ्यायला लावली आणि घट्ट दह्याचा चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. बाबांनी तो नीट गिळला. दुसरा चमचा भरता भरता ते थांबले आणि आईच्या रिकाम्या ताटाकडे बघून अडखळत म्हणाले, "तू... जेव."

दोन महिन्यांतले त्यांचे ते पहिले शब्द.

आई डोळे पुसत भाकरी आणायला उठली. सिस्टरांनी पायात चप्पल सरकवली. त्या दिवशी त्यांनी दुरडी उघडून बघितली नाही.