पाठ फिरवायला जागा

गहिनीनाथनं उभी हयात बैलांच्या दलालीत घालवली. सौदा अडला की उपरणं झटकायचं, पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. मालक मागून हाक मारणारच. या एका युक्तीवर त्यानं भलेभले नमवले होते.

पण जुनी जीप घ्यायची ठरली, तेव्हा धर्मापुरीच्या सिद्धारामला त्यानं ती शिरूर कासारला, थेट आपल्या दारात आणायला सांगितली. मुरलेल्या दलालाला एवढं कळू नये? त्याच्या बायकोनं, वत्सलाबाईनं, पाहुण्याला पोटभर जेवू घातलं. आळीतली माणसं जीपभोवती जमली.

"गिअर अडकतोय, टायर गुळगुळीत झालेत. भाव लई होतोय," गहिनीनाथ म्हणाला.

"भाव हाय तोच हाय, मामा," सिद्धाराम सुपारी कातरत म्हणाला.

सवयीनं गहिनीनाथनं उपरणं झटकलं, पाठ फिरवली आणि चालू लागला. चार पावलांत स्वतःचाच उंबरा आला. मागून हाक आली नाही. हा जाऊन जाऊन जाणार कुठं, ते सिद्धारामला दिसतच होतं.

आतून वत्सलाबाई हळद-कुंकू आणि नारळ घेऊन आली.

"अवो, दारात कावून हुबे? सरका, गाडीची पूजा करायचीय."

गहिनीनाथ सरकला.