मुकादमांची केबिन कुंपणापाशी गेली

कारखान्यातले मुकादम जात्याच बैठे. त्यांची पत्र्याची केबिन रसायनाच्या मोठ्या टाकीला अगदी खेटून होती, त्यामुळे खुर्चीतून हाक मारली की काम भागायचं. नव्या सुरक्षा अधिकारी बाईंनी पहिल्याच आठवड्यात ती केबिन क्रेनने उचलून पार कुंपणापाशी नेऊन ठेवली.

"टाकी फुटली तर हा पत्रा कागदासारखा उडेल, मुकादम."

"वीस वर्षांत फुटली नाही मॅडम, आता काय मुहूर्त बघून फुटणार आहे?"

रोजच्या पायपिटीने मुकादमांचा पट्टा दोन भोकं आत गेला. बायको खूश झाली. ते मात्र बाईंच्या नावाने बोटं मोडत राहिले.

मग एका दुपारी टाकी खरंच फुटली. नशिबाने जवळपास कुणी नव्हतं. केबिनच्या जुन्या जागी टाकीचं लोखंडी झाकण जमिनीत रुतून बसलं. कुंपणापाशी खिडक्या खडखडल्या आणि मुकादम खुर्चीवरून खाली आले, एवढंच.

धूर निवळल्यावर ते बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, जीव वाचवलात," ते म्हणाले. मग जरा घुटमळत त्यांनी विचारलं, "ते कुंपण अजून थोडं मागे सरकवता येईल का?"